इटलीची गाडी, सोलापूरचा टॉवेल

आमच्या ह्यांनी आयुष्यात माझं जे जे ऐकलं नाही, त्याची यादी करायला बसले तर मे महिन्याची सुट्टी पुरायची नाही. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, दांडगटातल्या दांडगट पोराला नुसत्या नजरेनं खाली बसवलं. पण घरात संगप्पा नावाच्या विद्यार्थ्यापुढे माझी मात्रा कधी चालली नाही. त्या यादीतली सगळ्यात मोठी गोष्ट गेल्या डिसेंबरात आमच्या जुळे सोलापुरातल्या दारात येऊन उभी राहिली. निळी, दोन दारांची, लांब नाकाची इटलीची गाडी.

हे खूळ बारा वर्षांपूर्वीचं. हे मिलानला मागांचं प्रदर्शन बघायला गेले होते. मी बजावून सांगितलं होतं की तिथलं मोठं चर्च बघा, फोटो काढून आणा. चाळीस फोटो आणले. एकोणचाळीस एका गाडीचे, आणि एक हॉटेलच्या दरवानाचा, तोही गाडीशेजारी उभा होता म्हणून. "सरोजिनी, ती नुसती सुरू झाली ना, तर माझ्या छातीत काहीतरी हाललं," असं म्हणाले. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्यांनी डॉक्टरांना दाखवलं नाही, बारा वर्षं वाट बघितली आणि पुण्याच्या एका बिल्डरची वापरलेली गाडी घेतली. वापरलेली म्हणायचं नाही बरं का. "जपलेली" म्हणायचं.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. सासऱ्यांनी भवानी पेठेत दोन मागांवर सुरू केला आणि टॉवेलला बायकोचं नाव दिलं. 'सुंदर छाप, रंग पक्का.' त्यातली सुंदर म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदरम्मा. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. वय ब्याऐंशी, दात शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

तर नाव दिलं म्हणून अव्वा नुसती मिरवत बसली नाही. तिनं त्या नावाची राखण केली. नव्या रंगाचा माल तयार झाला की त्यातला पहिला टॉवेल कारखान्यातून घरी यायचा. अव्वा तो गरम पाण्याच्या बादलीत बुडवायची, त्यात पांढरा रुमाल गुंडाळायची आणि वर वरवंटा ठेवून द्यायची. सकाळी रुमाल पांढराच राहिला असेल तर म्हणायची, "जाऊ दे." मग माल गावाबाहेर पडायचा. रुमाल गुलाबी निघाला तर सासरे एक शब्द न बोलता अख्खा माल पुन्हा धुवायला टाकायचे. पुढे कारखान्यात तपासणीची यंत्रं आली, डिप्लोमा झालेला बुद्धभूषण रंगखात्याचा प्रमुख झाला, तरी बादली चालूच राहिली. बुद्धभूषणच दर वेळी पहिला टॉवेल कागदात बांधून द्यायचा. म्हणायचा, "यंत्राचा रिपोर्ट माझ्यासाठी. मालाला जायची परवानगी अव्वांची."

आता गाडीकडे येते.

पहिल्याच दिवशी सिद्धेश्वराच्या देवळापाशी पूजा झाली. नारळ फोडायची वेळ आली तर हे म्हणाले, "जरा लांब फोडा, करवंटी उडाली तर ओरखडा यायचा." पुजारीबुवांनी इतक्या लांब जाऊन नारळ फोडला की शेजारच्या रिक्षावाल्याला वाटलं, पूजा त्याच्या रिक्षाची चालली आहे. त्यानं नमस्कार केला.

मग अव्वाला बसवायचं ठरलं, मानानं मागच्या सीटवर. गाडीला दारं दोनच. पुढची सीट वाकवून, मान घालून, एक पाय आत, मग उरलेली अव्वा आत. गेली कशीबशी. पण बाहेर येईना! अर्धा तास आत बसून ती सूचना देत होती आणि बाहेर आम्ही घामाघूम. "संगू, एवढी म्हाग गाडी घेतलीस, तिला मागं दारं लावायचं कुनी इसरलं का रे?" असं तिनं विचारलं. शेवटी मी तिचे दोन्ही हात धरून ओढलं. त्या दिवसापासून अव्वा पुढे आणि मी मागे, गुडघे हनुवटीला लावून.

गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही नाही. सोलापुरात किती गतिरोधक आहेत हे महानगरपालिकेला ठाऊक नसेल, आमच्या ह्यांना पाठ आहेत. प्रत्येकावर गाडी तिरकी घालायची, एक चाक चढवायचं, श्वास रोखायचा, मग दुसरं. डिकीत दोन फळ्या ठेवलेल्या, अगदीच उंच गतिरोधक असला तर चाकाखाली घालायला. काहीही बिघडलं की पुणं गाठायचं. कारखान्याच्या आवारात उभी केली की मागांवरचा कापूस उडून गाडीच्या पुढच्या जाळीत बसायचा आणि हे दात घासायच्या ब्रशनं तो काढत बसायचे. माझा ब्रश होता तो, हे मला आठवड्यानं कळलं.

एवढं सगळं खरं. पण खोटं बोलणार नाही. जानेवारीतल्या एका पहाटे ह्यांनी मला हैदराबाद रोडला नेलं. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी. ह्यांनी पाय जरासा दाबला. गाडीनं खालच्या सुरात काहीतरी म्हटलं आणि पाठीला मायेनं हात लावून कुणी पुढे न्यावं तशी ती निघाली. ना धक्का, ना हिसका. नळदुर्ग कधी आलं कळलंच नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं तर एकोणसाठ वर्षांचा माणूस लग्नाच्या आल्बममधल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, "अजून थोडं पुढं जाऊ या का?" बस्स. त्या दिवशी मी फितूर झाले.

मग आमचं ठरलं की एकदा तरी ही गाडी ज्यासाठी बनवली आहे ते करायचं, लांबचा प्रवास. एप्रिलमध्ये चार दिवस गोवा. मंगळवारी पहाटे निघायचं. अव्वाकडे नणंद राहायला येणार होती. मी तर गपचूप गॉगलही घेतला.

तेवढ्यात हैदराबादच्या एका नव्या हॉटेलची मोठी ऑर्डर पूर्ण होत आली. सहा हजार टॉवेल, गडद डाळिंबी रंगाचे. माल सोमवारी दुपारी रवाना झाला की हे मोकळे. शुक्रवारी बुद्धभूषण घरी आला तेव्हा मी चहा करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"मालक, डाळिंबी रंग गडद आहे. त्याला साबणाच्या उकळत्या पाण्याच्या दोन धुलाया लागतात. एक झालीय. दुसरीला सोमवारच्या पुढे आणखी दोन दिवस द्या."

"तीस वर्षं रंग बघतोय मी. एक बास झाली."

"माझं मत लिहून ठेवतो, मालक."

"ठेव की," हे म्हणाले आणि गोव्याचा नकाशा बघायला लागले. बुद्धभूषणनं चहा अर्धाच प्यायला. जाताना कागदात बांधलेले टॉवेल टेबलावर ठेवून गेला. एक बादलीसाठी, आणि ह्यांनी मागितलेला आणखी एक.

आता सोलापुरात गाडी घेतली आणि सीटवर टॉवेल टाकला नाही, असा माणूस मला दाखवा. त्यात आमच्या गाडीच्या सीटा साईच्या रंगाच्या, मऊसूत कातड्याच्या. एप्रिलच्या उन्हात त्यांच्यावर बसलं की तव्यावर बसल्यासारखं व्हायचं. ह्यांनी पुडी सोडली आणि दोन्ही टॉवेल पुढच्या सीटांवर अंथरले. साईवर डाळिंबी! काय दिसत होतं म्हणून सांगू.

शनिवारी अव्वानं विचारलं, "पैला टावेल कुटं हाय?"

"आणतो, अव्वा," हे म्हणाले.

मला माहीत होतं तो कुठे आहे. उचलून आणून द्यायला दोन मिनिटं लागली असती. पण मीच म्हटलं, "असू दे हो, फार छान दिसतोय." हे मी आता कबूल करते. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर समुद्र होता.

सोमवारी सकाळी अव्वाला सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेलं. नवा रंग तिनं बघितलाच नव्हता, त्यामुळे आपण बसलोय तोच पहिला टॉवेल, हे तिला कळलं नाही. येताना तिच्या मांडीवर तीर्थाचा गडू. जुळे सोलापुरात शिरताना ह्यांचा एक गतिरोधक हुकला. पाठ होता, पण त्या वेळी हे मला गोव्याच्या माशांबद्दल सांगत होते. गाडी खाली आपटली, गडू कलंडला आणि सगळं तीर्थ अव्वाच्या सीटवर. "शिवा शिवा!" अव्वा म्हणाली, पण घर तीन मिनिटांवर होतं म्हणून तशीच ओल्यात बसून राहिली.

दारात उतरली आणि पाठमोरी झाली. तिची फिकट मोतिया रंगाची इरकल मागून लालेलाल झाली होती.

ह्यांनी घाईनं टॉवेल उचलला. खाली साईच्या कातड्यावर परातीएवढा डाळिंबी डाग. ह्यांनी खिशातल्या रुमालानं पुसलं, तसा तो आणखी पसरला. मी शाळेतल्या पोरांना गुडघे फुटल्यावर रडताना बघितलंय, अगदी तसा ह्यांचा चेहरा झाला. लगेच पुण्याला फोन. पलीकडून उत्तर आलं की कातडं इटलीहून मागवावं लागेल, तीन-चार महिने धरून चला.

"लई नाजूक कातडं! इटलीवाल्यांना कळत कसं नाही? इतकं कसं रंग धरतं ते?"

अव्वा ओल्या लुगड्यानिशी पायरीवर उभी होती. "संगू, कातडं रंग धरतंय. सोडतंय कोन?"

हे ओल्या टॉवेलची घडी घालायला लागले.

"ह्यो टावेल कंच्या छापाचा हाय रे?"

ह्यांच्या हातातल्या टॉवेलच्या कोपऱ्यात तिचंच नाव विणलेलं होतं. सुंदर छाप. त्याखाली, रंग पक्का.

एमआयडीसीत त्या वेळी ट्रक भरला जात होता. दुपारी एकला निघणार. मी म्हटलं, "फोन करा, थांबवा." ह्यांनी फोन हातात घेतला आणि परत खिशात घातला. "आधी बघून येतो. हॉटेलवाले टॉवेल वापरायच्या आधी धुतातच की. एक-दोन धुण्यांत जाईल जादाचा रंग. उद्या आपल्याला निघायचंय, सरोजिनी." असं म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. मला राग आला. ह्यांचाही आला आणि माझ्या त्या गॉगलचाही आला. माझ्या मनातही क्षणभर तेच आलं होतं, म्हणून जास्तच आला.

"अव्वा, तुम्ही लुगडं बदला, मी पाणी तापवते," मी म्हटलं.

"न्हाय. मी बी येनार कारखान्याला. हेच नेसून."

तिनं कोरड्या टॉवेलची घडी डागावर ठेवली आणि बसली. मी मागे शिरले. गाडी वाटभर नेहमीसारखी गोड गुरगुरत होती, तिला काय त्याचं.

आमच्या कारखान्याच्या गल्लीत वळलो आणि समोर नवा गतिरोधक! काल नव्हता. कुणीतरी दोन पोती सिमेंट ओतून रातोरात केलेला, पाठीचा कणा वर काढून झोपलेल्या म्हशीएवढा. ह्यांनी सवयीनं गाडी तिरकी घातली. पुढचं एक चाक चढलं, उतरलं, आणि खालून असा आवाज आला की माझेच दात आंबले. गाडी पोटावर टेकली. पुढेही जाईना, मागेही येईना. रस्ता अरुंद आणि गाडी लांब. या कडेपासून त्या कडेपर्यंत वाट बंद.

फळ्या काढायला हे उतरले, तोच समोरून हॉर्न वाजला. आमचाच ट्रक. पाऊण तास आधी भरून झाला म्हणून निघालेला. चालक मडिवाळप्पानं खिडकीतून डोकं काढलं.

"मालक, गाडी बाजूला घ्या की! अंधार पडायच्या आत झहीराबाद गाठायचंय."

ट्रकच्या मागून बुद्धभूषण मोटारसायकलवर आला. आजूबाजूच्या कारखान्यांतले कामगार जेवायच्या सुट्टीत बाहेर पडत होते, ते जमले. कुणी फोटो काढायला लागले. आठ-दहा जणांनी बाह्या सरसावल्या. "उचलायची का, मालक? एका दमात बाजूला ठेवतो."

हे एकदा ट्रककडे बघत होते, एकदा गाडीकडे. मला सगळं कळत होतं. 'उचला' एवढंच म्हणायचं होतं. गाडी बाजूला होणार होती, ट्रक निघून जाणार होता आणि उद्या पहाटे आम्हीही. कुणाला काही कळलंच नसतं.

अव्वानं दार उघडलं. काठीवर भार देत खाली उतरली. आणि जमलेल्या सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली. ब्याऐंशी वर्षांची बाई, जन्मभर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, आणि पाठीमागे तो भला मोठा लाल डाग. मी धावत जाऊन माझा पदर तिच्यामागे धरला. तिनं माझा हात झटकला. फोटो काढणारी पोरंसुद्धा फोन खाली करून उभी राहिली.

ह्यांनी हातातली फळी खाली ठेवली.

"मडिवाळप्पा, ट्रक मागं घे."

"मागं? का वो, मालक?"

"रंग सुटतोय." मग हे बुद्धभूषणकडे वळले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तू सांगितलं होतंस. दुसरी धुलाई मी टाळली. मला गोव्याला जायची घाई होती. पहिला टॉवेल बादलीत टाकायचा, तो मी गाडीत टाकला. चूक तुझी न्हाय. चूक माझी हाय."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली. 'चूक माझी हाय' हे तीन शब्द मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले, तेही एमआयडीसीच्या गल्लीत, मडिवाळप्पाच्या साक्षीनं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानानं आलं, दुसऱ्या कशानं नाही.

बुद्धभूषणला वर मान करून चार शब्द सुनावता आले असते. तो म्हणाला, "मग मालक, आधी गाडी उचलू. ट्रक वळवायला जागा लागेल."

दहा जणांनी "हर हर महादेव" म्हणून इटली उचलली आणि गटाराच्या कडेला ठेवली. खालचं आवरण लोंबत होतं. त्याकडे ह्यांनी वाकूनही बघितलं नाही. आधी अव्वाला हात दिला.

हॉटेलला ह्यांनी त्याच दुपारी फोन केला आणि खरं ते सांगितलं. पलीकडचा माणूस पुष्कळ बोलला. ह्यांनी ऐकून घेतलं. दोन दिवस रंगखात्यातले बॉयलर धडधडत होते. बुधवारी संध्याकाळी बुद्धभूषण स्वतः टॉवेल घेऊन आला. बादली ह्यांनी भरली, रुमाल गुंडाळला, वरवंटाही ह्यांनीच ठेवला. गुरुवारी सकाळी आम्ही चौघं त्या बादलीभोवती उभे होतो. अव्वानं रुमाल उलगडला, उजेडात धरला, उलटा करून पुन्हा धरला.

"जाऊ दे," अव्वा म्हणाली.

बुद्धभूषणनं त्या दिवशी चहा पूर्ण प्यायला, वर आणखी अर्धा कप मागितला.

गोवा झालं नाही. पण लांबचा प्रवास झाला. हॉटेलवाल्याची तोंडावर माफी मागायची म्हणून हे हैदराबादला निघाले, ट्रकच्या मागोमाग. मडिवाळप्पा काही पन्नासच्या वर जाईना आणि हे त्याला मागे टाकीनात. "माल पुढं, आपण मागं," म्हणाले. आठ सिलिंडरची, वाऱ्याशी पैज लावणारी गाडी तीनशे किलोमीटर टॉवेलच्या ट्रकची धूळ खात गेली. मी पुढच्या सीटवर, त्या डागावर बसून, गॉगल लावून. खरं सांगते, त्याहून सुखाचा प्रवास मी केलेला नाही. ज्वारीची काढणी होऊन गेली होती, रानं मोकळी होती, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती. हॉटेलच्या साहेबांनी गाडी बघितली, मग दारातून आतला डाग बघितला आणि विचारलं, हे काय? ह्यांनी सगळं सांगितलं. साहेब हसले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमच्या मातोश्रींना आमचा नमस्कार सांगा." माल ठेवून घेतला.

पुढच्या महिन्यात गाडीच्या पोटाचं काम करायला पुण्याहून माणूस आला. त्याच्याजवळ कातडं साफ करायच्या पाच-सहा बाटल्या होत्या. हे नको नको म्हणत असताना त्यानं हौसेनं एकेक बाटली लावून बघितली. घासलं, पुसलं, वाफ दिली. दोन तासांनी कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "साहेब, इतका चिवट रंग मी आजवर बघितला नाही. हा आता जन्मात निघत नाही."

अव्वा पायरीवर शेंगा निवडत बसली होती. तिनं मान वर केली.

"संगू, ऐकलंस का? शेवटी पक्का झाला रे."

हे मोठ्यानं हसले आणि हसता हसता तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग तिच्या सुपातल्या शेंगा निवडायला लागले.